पाटी वाचून थबकलात, असं झाड कोणतं? (अनुभव धागा)

रानजाई
परवा भाचीला राणीच्या बागेत नेलं. आम्ही लहानपणी हत्ती बघायला जायचो, आता गर्दी पेंग्विनपाशी असते. १८६२ पासूनची ही बाग मुळात झाडांची, हे मला चाळिशीत कळलं! उर्वशी बहरली होती, लाल-पिवळे झुबके खाली लोंबत होते. भाचीने पाटी वाचली, "म्यानमार". म्हणाली, "मावशी, मग हिला इथे कोणी आणलं?" मी गप्प.
तुम्हालाही एखाद्या वनस्पती उद्यानात कुणी असं अडवलं असेल तर लिहा. गुलाब प्रदर्शनं नकोत.

घाटवाट
कोल्हापूर, शिवाजी विद्यापीठाची बाग. पावसाळ्यात कंदीलपुष्पं बघायला गेलो आणि खरं सांगायचं तर एका नाजूक वेलीवरून नजर सरकवून पुढे निघालो. माहिती सांगणाऱ्या मुलीने हाक मारून परत बोलावलं. बोटाएवढं फूल, पण पक्का सापळा. नळीत आत वळलेले केस असतात. माशी शिरते, पण तिला बाहेर पडता येत नाही. केस कोमेजले की सुटते आणि परागकण घेऊन पुढच्या कंदिलात शिरते. (तिला अक्कल येत नाही, हे वेलीच्या पथ्यावरच.)
यांतल्या कितीतरी जाती फक्त सह्याद्रीत, तेही मोजक्या कड्यांवर. वणवे आहेतच, शिवाय खाण्यासाठी लोक कंद उकरतात. हे ऐकताना मी खाली बघत होतो. गुरांमागे हिंडताना आम्ही पोरांनी असले कंद पोटभर खाल्लेत. फूल बघायला कधी थांबलो नव्हतो.

हुगळीकाठी
हावड्याची १७८७ ची बाग. तिथल्या प्रचंड वडाला मुख्य खोडच नाही! बुरशीने सडलं म्हणून १९२५ मध्ये काढलं. आता सगळा डोलारा पारंब्यांवर. आईला दाखवला तर म्हणाली, "मग वटपौर्णिमेला दोरा गुंडाळायचा कुठे?"

लंडनची सून
क्यू गार्डन्समधला वूड्स सायकॅड, ताडासारखं दिसणारं झाड. १८९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एकच झाड सापडलं, तेही नर. मादी आजवर मिळालेली नाही. जगभरच्या बागांत आहेत ती त्याचेच फुटवे. नवरा "कॉफी, कॉफी" करत पुढे गेला. मी पाटी दोनदा वाचली.

रानजाई
घाटवाट, ऑगस्टमध्ये भाचीला घेऊन कोल्हापूरला येतेय. कंदाची गोष्ट तिला सांगू नका, चव विचारेल.