डोकेदुखी रोजचीच झाली तेव्हा गोळीशिवाय काय केलंत?

जळगावहून सुरुवात करते. महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस, असं 3 महिन्यांच्या वर डोकं दुखलं की डॉक्टर त्याला जुनाट डोकेदुखी म्हणतात. आपल्याकडे मात्र 'फार मनाला लावून घेते' म्हणून मोकळे होतात. सवयी आणि विचार बदलून दुखणं कमी होतं, म्हणून ते खोटं ठरत नाही. कशाने फरक पडला, कशाने नाही, दोन्ही लिहा. अचानक असह्य दुखलं, तापात मान आखडली, बोलणं अडखळलं किंवा हातपाय लुळे पडले तर आधी दवाखाना गाठा.

अमळनेर, शिक्षिका:
शाळेत जाण्याआधी गोळी, आल्यावर गोळी. मेडिकलवाले दादा न मागता पट्टी काढून ठेवायचे. डॉक्टरांनी सांगितलं, साधी वेदनाशामक महिन्यात 15 दिवस, मिश्र गोळ्या (एकाच गोळीत दोन-तीन औषधं) किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीवरची खास गोळी) 10 दिवस, असं महिनोन् महिने चाललं की गोळीनेच डोकं दुखायला लागतं. त्यांच्या देखरेखीखाली बंद केल्या. सुरुवातीला दुखणं उलट वाढलं, हे आधी माहीत असलेलं बरं. तेव्हा स्नायू सैल करण्याचा सराव कामी आला. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांची ही पद्धत. मूठ आवळायची, काही सेकंद धरायची, सोडायची; मग दंड, खांदे, कपाळ, जबडा. जबड्यापाशी आले तेव्हा कळलं, फळ्याकडे वळले की मी दात आवळून धरते! आता खडू उचलण्याआधी दात सुटे करते. दुखायला लागल्यावर करून भागत नाही. बरं असताना रोज केलं तरच वेळेला अंग ऐकतं.

भुसावळ, रेल्वेत पाळीची नोकरी:
वही ठेवली. झोप, जेवण, चहा, दुखण्याची वेळ. रात्रपाळीपेक्षा सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपलो की हमखास दुखतं, हे वहीतच दिसलं. आता उठायची वेळ फार सरकू देत नाही. चहा हळूहळू कमी केला. एकदम तोडला तर डोकं धरतं.

रावेर, केळीवाला:
मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. उपाशीपोटी बागेत जाणं बंद केलं. कळण्याची भाकर खाऊन निघतो, पाणी सोबत. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास दर वर्षी आडवा व्हायचो. आते बरं शे.

धुळे, गृहिणी:
लग्नाची पत्रिका आली की पहिला विचार, डीजे, ऊन, डोकं दुखणारच. मग जाणंच सुटलं. समुपदेशक ताईंनी 'दुखलंच तर काय करीन' हे लिहून काढायला लावलं. कुठे बसेन, किती थांबेन, कोणाला सांगून निघेन. चुलत बहिणीच्या हळदीला गेले. दुखलं, तरी बसले, जेवून आले. दुखणं अजून येतं, पण त्याची धास्ती उतरली. हे गोळीने झालं नसतं असं मला वाटतं. 'वेड लागलंय का?' असं घरात विचारतातच, म्हणून पहिल्या भेटीला घरचं एक माणूस न्या. माझे मिस्टर आले आणि तेव्हापासून तेच सासूबाईंना समजावतात.

नंदुरबार, सध्या पुण्यात:
अर्धशिशीसाठी बायोफीडबॅक घेतलं. कपाळावर पट्ट्या लावून स्नायूंचा ताण पडद्यावर दाखवतात आणि तो उतरवायला शिकवतात. मला उपयोग झाला. आईलाही हाच त्रास आहे, तिला पुण्याचा प्रवास झेपत नाही. धुळे-नंदुरबारकडे कोणी हे शिकवत असेल तर नक्की कळवा.