मदत हवी आहे: वेलाच्या पानांवर तपकिरी डाग, काय फवारू?

अबोली: मंडळी, जरा लवकर सांगा. भिंतीवरच्या वेलाच्या पानांवर तपकिरी डाग पडलेत, वाढतच चाललेत. शनिवारी सासूसासरे येतायत. काय मारू? फोटो चढत नाहीये.

गच्चीबाग: कुठला वेल? राहता कुठे?

टवाळ पोपट: कडुनिंबाचं तेल, 5 मिली लिटरभर पाण्यात, चार थेंब साबण. आमचा मनीप्लँट बघा कसा झालाय!

गच्चीबाग: अहो, कीड की बुरशी ते तरी कळू द्या.

अबोली: न्यू जर्सी. बॉस्टन आयव्ही, गॅरेजची भिंत. कीड नाही. औषधाचं नाव सांगा ना!

निफाडकर: ताई, भिंगातून बघा. डागाची कड गडद, मधला भाग फिकट आणि त्यात मोहरीहून बारीक काळे ठिपके, बहुतेक रिंगण करून? तसं असेल तर ग्विनार्डिया बुरशीचे डाग. हा वेल द्राक्षाच्याच कुळातला. एक टक्का बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारा, ताजं कालवून. द्राक्षात आमचं आयुष्य गेलंय.

पानगळ: बोर्डोने गॅरेज निळं होईल, दादा! आणि डागाळलेलं पान कशानेच पूर्ववत होत नाही. फवारणी नव्या पानांसाठी, वसंतात कोंब फुटताना. आत्ता गळलेली पानं गोळा करून कचऱ्यात टाका, बुरशी त्यांच्यातच हिवाळा काढते. पाणी कसं घालता?

निफाडकर: निळं झालं तर होऊ दे. वेल महत्त्वाचा की भिंत?

टवाळ पोपट: फ्रान्सात रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना मारायचे, येणाऱ्याजाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून. त्या वेलींना डाऊनी (केवडा रोग) कमी, हे वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्डेंनी हेरलं. 1885 मध्ये बोर्डो जाहीर!

गच्चीबाग: धागा आयव्हीचा आहे.

अबोली: ठिपके आहेत, रिंगणच. स्प्रिंकलर रोज संध्याकाळी, थेट भिंतीवर उडतो. शेजाऱ्यांचा द्राक्षाचा मांडव आहे, त्यांना लागेल का?

निफाडकर: लागणारच! द्राक्षाची काळी कूज, ब्लॅक रॉट, तोच. सगळा मांडव जाईल.

पानगळ: उगाच घाबरवू नका. पूर्वी दोन्हींवर एकच बुरशी धरायचे, आता या वेलावरची वेगळी जात मानतात, फायलोस्टिक्टा पार्थेनोसिसाय. अबोली, स्प्रिंकलरचं तोंड फिरवा, पाणी सकाळी आणि मुळाशी. पानं रात्रभर ओली राहिली की बुरशीचं फावतं. वेल याने सहसा मरत नाही, नुसता कळाहीन दिसतो.

अबोली: म्हणजे शनिवारपर्यंत काहीच नाही?

पानगळ: फार डागाळलेली पानं कोरड्या दिवशी खुडा. बाकी पाहुण्यांना मागच्या दाराने आणा.

सोनचाफा: धागा वाचला नाही, पण मोगऱ्याला कळ्याच नाहीत. बोर्डो चालेल का?