गाडी तपासा, तिचं वय नका तपासू

कर्वेनगर_झेन
काल एकाने लिहिलंय की पंधरा-वीस वर्षांची गाडी चालवणारे पुणेकर नुसते चिकट असतात, धूर सोडतात, पुलावर बंद पडून ट्रॅफिक अडवतात आणि वर त्याचा अभिमान सांगतात, तेव्हा पंधरा वर्षं झाली की सगळ्या गाड्या सरळ भंगारात घाला. दोन ओळींत उत्तर देणार होतो, पण राहवत नाही.

माझी झेन १९९८ ची, कार्बोरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा सेन्सरशिवाय मिसळणारी जुन्या पद्धतीची, तीन लाख किलोमीटरच्या पुढे पळालीय. ९९३ सीसीचं ॲल्युमिनियमचं इंजिन, हीच गाडी तेव्हा युरोपात आल्टो नावाने विकली जायची, फडतूस माल नव्हता तो. इंजिन एकदा पूर्ण खोललंय, रिंगा बदलल्या, व्हॉल्व्ह बसवून घेतले, रेडिएटर नवा टाकला. टायमिंग बेल्ट तुटायची वाट बघत नाही, ठरलेल्या किलोमीटरला बदलतोच. कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, सगळ्याची तारखेनिशी वही आहे. चिकट माणूस हे करत नाही हो, चिकट माणूस ऑइल डांबरासारखं झालं तरी ढकलत राहतो, मग त्याची गाडी तीन वर्षांची का असेना. गणपतीला ताम्हिणीतून माणगावला उतरते आणि परत चढते, टेंपरेचरचा काटा मध्यावरून हलत नाही. हे आपोआप होत नाही, त्याला लक्ष द्यावं लागतं, आवाज ऐकावा लागतो, आणि त्याचा मला अभिमान आहे.

आणि दिल्लीचं उदाहरण इथे देऊ नका. तिकडे हरित लवादाच्या २०१४-१५ च्या आदेशांनी दहा वर्षं डिझेल, पंधरा वर्षं पेट्रोल असं ठरवलं. आपल्याकडे पंधरा वर्षांनी पासिंग, मग दर पाच वर्षांनी पुन्हा. एप्रिल २०२२ पासून चारचाकीची फी ६०० ची ५००० केली, ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्यांना १०,००० केली, पर्यावरण कर वेगळाच. भरतो आम्ही. माझं म्हणणं एवढंच, गाडी तपासा, तिचं वय नका तपासू.

बाणेर_बायपास
ते लिहिणारा मी नाही, पण मी त्याच्याच बाजूचा आहे. काका, तुमची वही चांगली आहे, वहीबद्दल वादच नाही. पण वहीत एअरबॅग लिहिता येत नाही. ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली जुलै २०१९ मध्ये, जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस त्याच वर्षी एप्रिलमध्ये. १९९८ च्या गाडीत यातलं काय आहे?

माझे मामा असेच होते, जुनी हॅचबॅक, अगदी लहान मुलासारखी सांभाळलेली. नवले पुलाच्या उतारावर मागून टेम्पोने ठोकलं, ते पुढच्या गाडीवर गेले, वेग फार नव्हता. छाती स्टेअरिंगवर आपटली, बरगड्या मोडून फुफ्फुसाला लागल्या, आयसीयूत होते. ब्रेक उत्तम होते त्या गाडीचे. मागच्याचे नव्हते. रस्त्यावर तुम्ही एकटे नसता, हे जुन्या गाडीवाल्यांना कधी कळणार?

कर्वेनगर_झेन
मामांचं वाईट वाटलं, मनापासून. पण मग टेम्पोबद्दल का बोलत नाही तुम्ही? ठोकणारा टेम्पो सोडून ज्याला ठोकलं त्याची गाडी भंगारात घालायची, हा कुठला न्याय? आणि जुनी म्हणजे धोक्याची, नवी म्हणजे सुरक्षित असंही नाही. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आपटून बघितल्या, एअरबॅग नसलेली मॉडेलं, पाचही शून्य तारे. तेव्हा त्या शोरूममध्ये नव्या कोऱ्या उभ्या होत्या.

बाणेर_बायपास
हा तर माझाच मुद्दा झाला! २०१४ च्या शून्य असतील तर १९९८ च्या काय असणार. टेम्पोवाल्याला कोणी सोडत नाहीये, उगाच विषय फिरवू नका.

मृण्मयी_सहकारनगर
सुरक्षेचं तुम्ही बघून घ्या, ती तुमची स्वतःची छाती आहे. धुराचं काय? तो माझ्या मुलाच्या छातीत जातो. सात वर्षांचा आहे, दमा आहे, थंडीत शाळेत सोडताना स्वारगेटच्या सिग्नलला पुढे एखादी टू-स्ट्रोक स्कूटर आली की मी श्वास रोखून बसते आणि तो खोकत असतो. टू-स्ट्रोकमध्ये थोडं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं आणि ऑइलही त्यातच जळतं, इंजिनची रचनाच तशी आहे, कितीही ट्यूनिंग करा.

आणि "पीयूसी आहे माझ्याकडे" हे मला सांगू नका. २००० च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, नंतरच्या भारत स्टेज दोन आणि तीन या प्रदूषण नियमांच्या गाड्यांना अर्धा टक्का. म्हणजे कायद्यानेच सहापट धूर माफ. झेनला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, आहे का काका? १९९५ ला तो चार महानगरांत सक्तीचा झाला, त्यात पुणं नव्हतं.

कर्वेनगर_झेन
कन्व्हर्टर नाही. तेवढं मान्य. पण रीडिंग एक टक्क्याच्या आत येतं, तीनची परवानगी असली तरी मी तीनवर चालवत नाही. टू-स्ट्रोकची बाजू मी कुठेच घेतलेली नाही.

आकुर्डीकर
मग मी घेतो. माझे वडील आकुर्डीला बजाजमध्ये लाइनवर होते, चेतक बनवणाऱ्यांतले. ज्या स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबले, जिच्यावर नवराबायको आणि दोन पोरं बसून अख्खं पुणं फिरलं, तिला आज धूर म्हणून हाकलताय. वडील गेले, स्कूटर आहे. कलती करून किक मारली की चालू होते. रोज नाही काढत, महिन्यातून एखादा रविवार. ती विकायची नाही आणि कापायची तर नाहीच, कोणी काहीही म्हणो.

मृण्मयी_सहकारनगर
दादा, महिन्यातल्या एका रविवारवर माझा राग नाही. रोज ऑफिसला जाणाऱ्यांवर आहे. वडिलांची आठवण जपा ना, त्याला कोण नाही म्हणतंय.

सोसायटी_सेक्रेटरी_धायरी
आठवणी जपा पण आपापल्या घरात जपा!! आमच्या पार्किंगमध्ये सहा गाड्या कव्हर घालून उभ्या आहेत, चारही टायर बसलेत, आत मांजरीने पिल्लं घातली, एकाच्या बॉनेटमध्ये उंदरांनी वायरिंग खाल्लं. मालकाला विचारलं की "सेंटिमेंट आहे". भाडेकरू रस्त्यावर गाड्या लावतायत आणि सेंटिमेंट सावलीत उभं आहे. सभेत तीनदा ठराव घेतला, कोणी हलत नाही. यावर बोला आधी.

कर्वेनगर_झेन
त्या उभ्या गाड्यांचं समर्थन मी करूच शकत नाही. उभी गाडी मरते. मी चालत्या गाडीबद्दल बोलतोय, कृपया मिसळू नका.

स्प्लेंडर_९७
तुम्ही सगळे अभिमान अभिमान करताय, आमचं ऐका. मी पेपर टाकतो सकाळी, नंतर पार्सल पोचवतो. स्प्लेंडर २००४ ची, मीटर सगळा फिरून पुन्हा शून्यावर आलाय. नवी घ्यायची तर हप्ता कोण भरणार? स्क्रॅपला द्या म्हणतात, त्यात नव्या गाडीच्या किमतीच्या चार ते सहा टक्के मिळतात, म्हणजे हातात तीन-चार हजार आणि पोट भरायचं साधन गेलं. चेन किट, ब्रेक शू, क्लच प्लेटा घरीच टाकतो, अर्ध्या दिवसात गाडी रस्त्यावर. चिकट नाही साहेब, गरज आहे. पण खरं सांगतो, दुसऱ्या कोणाची गाडी बंद पडते आणि आपली पहिल्या किकला सुरू होते तेव्हा छाती फुगतेच.

हल्ली मात्र सकाळी चोक दिला तरी दोन-तीन किक जास्त लागतात, ॲव्हरेजही पडलंय. कोणी सांगेल का?

नाना_पेठ_मिस्त्री
भाऊ पेट्रोल बघ. वीस टक्के इथेनॉल आहे आता सगळीकडे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो म्हणून कार्बोरेटरची गाडी लीन चालते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, थंडीत उचलत नाही, गरम होते. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर असतो तो पेट्रोल वाढवून घेतो, कार्बोरेटरला कोण सांगणार? लिटरमागे इथेनॉलची ताकदच पेट्रोलच्या दोन तृतीयांश, ॲव्हरेज पडणारच. आणि जुने रबरी पाईप, फ्लोट नीडलचं रबर, डायफ्रॅम, सगळं फुगतं नाहीतर तडकतं. माझ्याकडे रोज एकतरी कार्बोरेटर उघडतो, वाटीत पाणी. इथेनॉल पाणी ओढून घेतं. जुन्या गाड्या वयाने नाही मरत, या पेट्रोलने मरतायत.

बाणेर_बायपास
सरकारी अंदाज आहे त्यावर. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ६ ते ७ टक्के घट सांगितलीय जुन्या चारचाकीला, दुचाकीला ३ ते ४. जग बुडलं नाही.

नाना_पेठ_मिस्त्री
अहवाल लिहिणाऱ्याने कार्बोरेटर उघडलाय का कधी? पाईप तडकून गरम इंजिनवर पेट्रोल गळलं तर टक्केवारी सांगाल का त्याला? माझ्या ओळखीच्या गिऱ्हाइकाची गाडी सिंहगड रोडवर पेटता पेटता वाचली, पाईप बोटाने दाबला तर चुरा झाला.

श्रीगोंद्याचा_शेतकरी
लई झालं इथेनॉलला शिव्या देणं. पुण्यात बसून बोलायला सोपं आहे. ऊस कारखान्याला घातल्यावर चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान भाव, द्यायची असं १९६६ च्या आदेशात आहे, पण आमच्याकडं महिनेच्या महिने वाट बघायची. कारखान्याला इथेनॉलचे पैसे लवकर मिळायला लागले तेव्हा आमच्या खात्यात पैसे दिसायला लागले. २०२३ च्या डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला सरकारनं आडकाठी घातली तेव्हा सगळं गणित बिघडलं. माझ्या पोरीच्या इंजिनिअरिंगची फी उसातून गेलीय. तुमचा पाईप दीडशे रुपयांचा आहे, बदला की.

कर्वेनगर_झेन
दादा, शेतकऱ्याला पैसे मिळावेत यात दुमत नाही. पण ते आमच्या टाकीतूनच का? बरं, आता निम्म्याहून जास्त इथेनॉल मका आणि तांदळातून येतंय, उसातून नाही. आणि पंपावर निवड तरी द्या. विनाइथेनॉल हवं तर शंभर ऑक्टेनवालं, लिटरला दीडशेच्या वर. हे स्प्लेंडरवाल्या भाऊंना परवडणार आहे का?

श्रीगोंद्याचा_शेतकरी
मका काय आभाळातून पडतो का? तोही शेतकरीच पिकवतो. तुम्हाला जुनी गाडी चालवायचा हक्क पाहिजे, आमच्या पिकाला भाव नको. असंच ना?

कर्वेनगर_झेन
असं मी म्हटलेलंच नाही! शब्द तोंडात घालू नका. मी निवड मागतोय, बंदी नाही.

मृण्मयी_सहकारनगर
धुरावरून उसावर गेलात सगळे. माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

बाणेर_बायपास
मी देतो. काका "तपासा" म्हणतायत ना, ठीक आहे, खरंच तपासा. माणसाने गाडीभोवती एक फेरी मारून सही करायची नाही. रोलरवर ब्रेक, यंत्रावर हेडलाइट, धूर, खालून चेसिसला गंज आहे का ते उचलून बघायचं. आणि धुराची मर्यादा १९९९ ची नको, आज त्या गाडीला जेवढं शक्य आहे तेवढी ठेवा. पास झाली तर चालवा बापडे. एअरबॅगबद्दल माझं मत बदललेलं नाही आणि माझी पोरं मी अशा गाडीत बसवणार नाही.

कर्वेनगर_झेन
यंत्रावर तपासणी हवीच, मर्यादा कडक करायला माझी हरकत नाही. फक्त तीन वर्षांच्या गाड्याही त्याच रोलरवर घ्या. माझ्या झेनसोबत रांगेत उभं राहू दे एखाद्या कॅब कंपनीच्या गाडीला, टायर गुळगुळीत, ब्रेक लोखंडावर लोखंड. मग बघू कोण पास होतं. पोरांचं म्हणाल तर माझी नात माझ्या मुलाच्या नव्या गाडीतच बसते, कार सीट लावून. ते मी कधी नाकारलं नाही.

मृण्मयी_सहकारनगर
एक टक्क्याच्या आत रीडिंग असेल तर तुमच्याशी भांडण नाही काका. पण तुमच्यासारखे शंभरात किती?

कर्वेनगर_झेन
कमी आहेत. म्हणूनच तर तपासा म्हणतोय.

स्प्लेंडर_९७
मिस्त्री, तो पाईप बदलायचा तर कुठला मागू? आमच्या इथल्या दुकानात एकच प्रकार मिळतो, काळा साधा.

नाना_पेठ_मिस्त्री
साधा काळा नको घेऊ. फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीचा पाईप माग, मापासाठी जुना तुकडा सोबत ने. फिल्टर, फ्लोट नीडल आणि बाऊलचं रबर एकदमच बदल, परत परत उघडायला नको. क्लिपा नव्या, जुन्या आवळू नको. टाकी रिकामी करून तळाला पाणी आहे का बघ, आणि बसवल्यावर इंजिन चालू ठेवून पाच मिनिटं वास येतो का बघ. एवढं करूनही सकाळी त्रास दिला तर कार्बोरेटर घेऊन ये, एअर स्क्रू लावून बघू, नाही भागलं तर मेन जेट एक नंबर मोठा टाकू. दुपारी ये, सकाळी गर्दी असते.