पनीर-खव्याच्या युनिटचं सांडपाणी: ईटीपी (सांडपाणी प्रक्रियेचा प्लांट) घेण्याआधी काय करावं?

भूमचा_खवा

नमस्कार मंडळी. धाराशिव जिल्ह्यात भूम तालुक्यात आमचं खवा-पनीरचं युनिट आहे. रोजचं दूध ३,००० लिटरच्या आसपास. त्यातलं हजारेक लिटर पनीरला, बाकीचं खव्याला. पीएमएफएमईतून (लहान अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना) कर्ज काढून गेल्या वर्षी काम वाढवलं. सांडपाणी एका खड्ड्यात जातं आणि खड्डा भरला की ओढ्याला. उन्हाळ्यात ओढा कोरडा, त्यामुळं पाणी तिथंच साचायलंय, वर पांढरी साय धरायलीय आणि संध्याकाळी वास पार वस्तीपर्यंत यायलाय. लोक बोलायलेत ते बरोबरच आहे, ओढ्याच्या काठाला विहिरी आहेत.

एका कंपनीनं ईटीपीचं कोटेशन दिलंय. जाळी, ऑइल ट्रॅप, तुरटीचं डोसिंग, एरेशन टाकी (हवा सोडून जिवाणू वाढवायची), युरिया-डीएपीचं डोसिंग, शेवटी सँड फिल्टर आणि कार्बन फिल्टर. नऊ लाखांच्या घरात जातंय. पाण्याचा नमुना मात्र त्यांनी घेतलाच नाही, फक्त रोजचं दूध किती ते विचारलं. एवढं सगळं लागतं का? लहान युनिटला कुणी काय बसवलंय? अनुभव असेल त्यांनी सांगा.

निवळ_पाणी

दादा, कोटेशनवर सही करू नका. आधी एका गोष्टीचं उत्तर द्या: पनीर दाबल्यावर निघणारं पाणी कुठं जातं? धुण्याच्या पाण्याबरोबर त्याच नालीत?

भूमचा_खवा

हो, त्याच नालीत. वेगळं कुठं काढणार?

निवळ_पाणी

मग तुमचा निम्म्याहून जास्त त्रास तिथंच आहे. मी डेअऱ्यांच्या ईटीपीवर काम करतो, हिशेब मांडून दाखवतो.

१,००० लिटर दुधाच्या पनीरमधून साधारण ८०० लिटर पाणी निघतं. त्यात दुधातली जवळपास सगळी साखर, म्हणजे लॅक्टोज, विरघळलेली असते. या पाण्याचा बीओडी, म्हणजे घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, थोडक्यात घाणीचं माप, लिटरला ३० ते ४० ग्रॅम. म्हणजे रोज २८ किलोच्या आसपास बीओडी. आता कढया, कॅन, क्रेट, फरशी धुतल्याचं पाणी धरा रोज ६,००० लिटर. त्याचा बीओडी लिटरला एखादा ग्रॅम, म्हणजे दिवसाला ६ किलो. ८०० लिटर पाणी बाकीच्या ६,००० लिटरच्या चौपटीहून जास्त घाण घेऊन येतंय. एका माणसामागं घरगुती सांडपाण्याचा बीओडी दिवसाला ४५-५० ग्रॅम धरतात. त्या हिशेबानं तुमचं नुसतं पनीरचं पाणी साडेपाचशे-सहाशे वस्तीच्या गावाएवढं आहे.

हे पाणी नालीत पडूच देऊ नका. पनीरच्या टेबलाखाली स्टीलचा ट्रे, त्याला पाइप, पाइप थेट झाकणाच्या टाकीत. जे नालीत गेलंच नाही त्यावर प्रक्रिया करायला वीज लागत नाही. पनीर फाडायला सायट्रिक ॲसिड वापरत असाल तर आदल्या दिवशीचं आंबलेलं पाणी तापवून त्यानंही दूध फाटतं, बरेच छेनावाले तसंच करतात. पण भांडी आणि टाकी रोज धुतली पाहिजे, नाहीतर पनीरला वास येईल. उरलेलं ताजं पाणी म्हशींना पेंडीबरोबर देता येतं. सुरुवात थोड्यानं करा आणि आपल्या पशुवैद्यकाला विचारा. एकदम जास्त पाजलं तर साखरेमुळं पोटात आम्ल होतं.

आता कोटेशनबद्दल. तुरटीनं चरबी आणि केसिन (दुधातलं मुख्य प्रथिन) खाली बसतं, विरघळलेलं लॅक्टोज बसत नाही. सँड फिल्टरनं ते अडत नाही आणि कार्बन फिल्टर असल्या पाण्यावर भराभर भरून जातो. तुमच्या बीओडीचा मोठा हिस्सा लॅक्टोज आहे, तो जिवाणूंनीच खाल्ला पाहिजे. युरिया-डीएपीही लागायचं कारण नाही. दुधात प्रथिनं असतात, म्हणजे नत्र आणि स्फुरद पाण्यात आहेच. कुणाच्या तरी फळाच्या प्लांटचं कोटेशन नाव बदलून दिल्यासारखं वाटतंय.

जालना_मोसंबी

युरियाबद्दल साहेब म्हणतात ते खरं आहे. आमचं मोसंबी रसाचं काम आहे, आम्हाला तो घालावाच लागतो. एरेशनच्या जिवाणूंना १०० भाग बीओडीमागं ५ भाग नत्र आणि १ भाग स्फुरद लागतं, फळाच्या पाण्यात ते नसतंच. २० किलो बीओडीला साधारण १ किलो नत्र, म्हणजे दोन किलोवर युरिया. खताच्या गोणीवरच्या आकड्यांवरून हिशेब घरी करता येतो.

आमची अडचण सालीच्या तेलाची. त्यातलं लिमोनीन जिवाणूंना मारतं, म्हणून साली कोरड्याच उचलतो आणि पहिल्या धुण्याचं पाणीही नालीत येऊ देत नाही. तुमच्याकडं तो त्रास नाही, पण रीत तीच: पाण्याची नळी हातात घेण्याआधी झाडू आणि रबरी खराटा. कढईला लागलेली खरवड आधी खरडून डब्यात.

निवळ_पाणी

बरोबर. आता नालीत जे जाणारच आहे त्याचं बघू.

पहिली जाळी, दोन-तीन मिलिमीटर भोकांची, हातानं उचलून साफ करता येईल अशी. तिच्यामागं चरबीचा चेंबर. यात दोन गोष्टी लोक विसरतात. कढया गरम पाण्यानं धुतल्या की चरबी वितळलेली असते, ती चेंबरमधून सरळ पुढं जाते आणि पुढच्या पाइपात गोठते. म्हणून आधी पाणी निवायला जागा द्या, निदान उघडी लांब नाली तरी. दुसरी गोष्ट माप. तुमचं धुणं सगळं दोन-तीन तासांत होत असणार, म्हणजे तासाला २,००० लिटरचा लोंढा. त्यात अर्धा तास पाणी थांबायचं तर १,००० लिटरचा चेंबर हवा. दिवसाच्या सरासरीवर काढलेला चेंबर सकाळी दहा वाजता निकामी असतो.

त्यानंतरची टाकी सगळ्यात महत्त्वाची आणि कोटेशनमध्ये ती नाहीच: इक्वलायझेशन टँक, म्हणजे पाणी साठवून एकसारखं करायची टाकी. एका दिवसाचं सगळं पाणी मावेल एवढी, तुमच्यासाठी ७-८ हजार लिटर. कॉस्टिक सोड्यानं धुतलं की पाण्याचा पीएच (७ म्हणजे मध्यम, खाली आम्ल, वर अल्क) १२-१३ वर जातो, नायट्रिक ॲसिडनं धुतलं की २ वर. एरेशनमधल्या जिवाणूंवर आज कॉस्टिक, उद्या ॲसिड पडलं तर ते मरणारच, मग कंपनीवाला म्हणणार कल्चर (जिवाणूंचं विरजण) पुन्हा टाका. या टाकीत दोन्ही पाणी एकमेकांत मिसळतात, निम्मं काम फुकटात होतं. मिसळल्यावर पीएच पेपरनं बघा आणि लागला तरच चुना द्या. खाली हवेची नळी सोडून पाणी हलतं ठेवा, उभं राहिलं की काही तासांत आंबतं आणि तुमच्या ओढ्यासारखा वास सुटतो. तिथून छोट्या पंपानं चोवीस तास सारख्या धारेनं पुढं.

एवढं करून महिनाभर चालवा. मग दिवसभर थोडंथोडं गोळा करून एकत्र केलेला नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या आणि त्या आकड्यावर पुढच्या टाक्यांचं कोटेशन मागा. पुढचा प्लांट खूप लहान निघेल.

शेण_ते_शेगडी

उरलेल्या पनीरच्या पाण्यासाठी गोबरगॅस बघा दादा. ८०० लिटरमध्ये ४५-५० किलो सीओडी असतो (बीओडीसारखंच घाणीचं माप, पण रसायनानं मोजलेलं). एक किलो सीओडी संपला की ०.३५ घनमीटर मिथेन. सगळं जमून आलं तर दिवसाला १० किलो एलपीजीच्या तोडीचा गॅस निघतो. भूमकडं खव्याच्या भट्ट्यांना किती लाकूड जळतं ते तुम्ही बघताच. पण नुसतं पनीरचं पाणी टाकाल तर डायजेस्टर, म्हणजे गोबरगॅसची टाकी, आंबून बंद पडेल. शेणात मिसळून, अगदी थोड्यापासून वाढवत न्या. शेणानं आम्ल सावरलं जातं. आपल्याकडच्या उन्हाचा इथं फायदाच आहे, या जिवाणूंना ३५ अंशाच्या आसपासची ऊब मानवते.

काळी_माती

प्रक्रिया केलेलं पाणी शेवटी शेतातच देणार असाल ना? दुष्काळी पट्ट्यात ते साहजिकही आहे. जमिनीवर सोडायला सर्वसाधारण मानकं लिटरला बीओडी १०० मिलिग्रॅम, तेल-चरबी १० मिलिग्रॅम आणि पीएच ५.५ ते ९ अशी आहेत. डेअरीची स्वतःची मानकंही आहेत, त्यात एक लिटर दुधामागं ३ लिटरपेक्षा जास्त सांडपाणी होऊ नये असं आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या संमतीपत्रात काय लिहिलंय ते वाचा, त्यात कडक आकडा असेल तर तोच धरायचा.

माझी काळजी वेगळी आहे. कॉस्टिक म्हणजे सोडियम. जिवाणू ते खात नाहीत, गाळणी ते अडवत नाही, ते सगळं शेतात उतरतं. आपल्या काळ्या जमिनीत सोडियम वाढलं की माती फुगते, पाणी मुरेनासं होतं, वाळल्यावर ढेकळं दगडासारखी होतात. हे एका हंगामात दिसत नाही, दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून कॉस्टिक मोजून घ्या, एका धुण्याचं द्रावण गाळून पुढच्या धुण्याला वापरा. पाण्याच्या तपासणीत कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियमचं प्रमाण, म्हणजे एसएआर, आवर्जून मागा. वर्षातून एकदा मातीही तपासा.

भूमचा_खवा

ताई, हे कुणीच सांगितलं नव्हतं. कॉस्टिक आमचा पोरगा डब्यानं अंदाजे ओततो, उद्यापासून वजन करून देतो. टेबलाखालच्या ट्रेचं वेल्डरला सांगितलंय आणि कंपनीला फोन करून नमुना झाल्याशिवाय बोलायचं नाही म्हणून कळवलं. एकच राहिलं: चेंबरमधून निघणाऱ्या चरबीचं काय करायचं? ओढ्याकडं फेकली तर पुन्हा तेच.

निवळ_पाणी

रोज सकाळी धुणं सुरू व्हायच्या आधी काढा, तेव्हा ती थंड आणि घट्ट असते, झाऱ्यानं निघते. बंद डब्यात साठवा. गोबरगॅस केलात तर शेणाबरोबर थोडीथोडी तिथं जाईल, नाहीतर कोरड्या काडीकचऱ्यात मिसळून कंपोस्टला द्या आणि वर मातीचा थर टाका, म्हणजे माश्या आणि कुत्री येणार नाहीत. पुन्हा खाण्यात मात्र कुठल्याही रूपात जाऊ द्यायची नाही, साबणवाला मागायला आला तरी कुठं नेतो ते नोंदवून ठेवा.

ट्रे बसला की नालीतलं पाणी किती आणि त्याचा पीएच किती ते आठवडाभर सकाळ-संध्याकाळ लिहून इथं टाका. टाकीचं माप त्यावरून बघू.