७७५ मोटरला पॉवर सप्लाय कुठला घेऊ? (बजेट ५००)

सुतारपक्षी: नमस्कार मंडळी. भोवरे आणि बुद्धिबळाची प्यादी कातायला छोटं लेथ बनवतेय. १२ व्होल्टची ७७५ डीसी मोटर घेतलीय. वायफाय राउटरच्या अडॅप्टरवर (१२ व्होल्ट, १ अँपिअर) लावली तर गुर्र करते, थांबते, परत गुर्र करते. सप्लाय कुठला घेऊ? बजेट ५०० रुपये, त्यापुढे घरात प्रश्न विचारले जातील.

खटपट्या: सरळ बेंच सप्लाय घे, ३० व्होल्ट १० अँपिअरचा. करंट आकड्यात दिसतो, मर्यादा लावता येते. मला साडेपाच हजाराला पडला, पण पुन्हा बघायला नको.

सुतारपक्षी: दादा, पाचशे म्हटलंय.

खटपट्या: वाचलंय. स्वस्तातलं घेऊन परत इथेच धागा काढशील म्हणून सांगतोय.

काडीपेटी: लॅपटॉपचा जुना चार्जर पडला असेल की घरात, १९ व्होल्टचा. माझी मोटर त्यावर सुसाट पळते. फुकट!

वाइंडर_निवृत्त: पळणारच. १२ च्या मोटरला १९ दिले की वेग दीडपटीच्या वर. मागच्या फटीतून बघा, ब्रशपाशी (फिरत्या भागाला वीज देणारे कार्बनचे तुकडे) ठिणग्या उडताना दिसतील. आणि लाकूड टेकलं की चार्जर स्वतःला वाचवायला बंद पडेल. ताईंच्या अडॅप्टरचं तेच होतंय.

ताई, ७७५ हा नुसता डब्याचा आकार. त्यात १२ चीही मोटर येते, २४ चीही. आधी मल्टिमीटरने दोन टोकांमधला रोध (रेझिस्टन्स) मोजा. मीटरच्या वायरींचाच ०.२-०.३ ओहम असतो, तो वजा करा. समजा अर्धा ओहम उरला. १२ भागिले ०.५, म्हणजे २४ अँपिअर. जाम झाली तर एवढा ओढेल, आणि सुरू होतानाही क्षणभर तेवढाच मागते. मोकळी फिरताना मात्र एक-दीडवर येते.

पेठेतला: एलईडी पट्ट्यांना लावतात तो जाळीचा एसएमपीएस (घरच्या विजेचं डीसी करणारा सप्लाय) घ्या, १२ व्होल्ट १० अँपिअर. टापकीर गल्लीत पाचशे-सहाशेत मिळेल.

नवखा_०७: १० अँपिअर?? मोटर जळेल ना!

वाइंडर_निवृत्त: नाही जळणार. व्होल्ट सप्लाय ठरवतो, अँपिअर मोटर ओढते. भिंतीतल्या प्लगवर १६ लिहिलंय म्हणून त्यात लावलेला मोबाइलचा चार्जर जळतो का?

ग्रँटरोड_पूर्व: लॅमिंग्टन रोडला याहून स्वस्त मिळेल.

पेठेतला: पुणे-मुंबई जाऊन-येऊन धरून?

ग्रँटरोड_पूर्व: वस्तू हातात घेऊन बघता येते हो. मला एकाने २० अँपिअरचं स्टिकर लावलेला दिला होता, घरी उघडला तर आत निम्मी जागा रिकामी.

पेठेतला: म्हणजे लॅमिंग्टन रोडलाच ना?

ग्रँटरोड_पूर्व: कुठून घेतला तो विषय वेगळा.

भंगारवाला_इंजिनिअर: कॉम्प्युटरचा जुना एसएमपीएस कुणीच कसा सुचवला नाही? हिरवी वायर काळीला जोडली की चालू. पिवळी-काळी म्हणजे १२ व्होल्ट. काही जुने लाल वायरीवर थोडा लोड असल्याशिवाय १२ नीट देत नाहीत, तिथे गाडीचा बल्ब लावायचा. माझा वर्षभर चालला, मग पंख्याने भुसा आत ओढला आणि फट्.

पेठेतला: जाळीच्याला निदान पंखा तरी नाही.

भंगारवाला_इंजिनिअर: जाळी तर आहे. २३० चे स्क्रू उघड्यावर असतात आणि वरची प्लॅस्टिकची पट्टी पहिल्याच आठवड्यात तुटते. खोक्यात घालून, अर्थिंग जोडूनच वापरा.

नवखा_०७: लॅपटॉपचा चार्जर चालेल का? घरात पडलाय.

काडीपेटी: चालेल. वर लिहिलंय मी.

वाइंडर_निवृत्त: मीही लिहिलंय वर.

खटपट्या: बेंच सप्लायला यातली एकही कटकट नाही.

सुतारपक्षी: सगळ्यांचे आभार. रोध ०.६ आला. पण घेतलं काहीच नाही. शेजारच्या रिक्षावाल्या काकांचा बॅटरी चार्जर माळ्यावर पडून होता, ट्रान्सफॉर्मरवाला, उचलताना खांदा निघतो. त्याला ६ आणि १२ चा खटका आहे. सहावर सुरू करते, फिरायला लागली की बारावर टाकते. पॉलिश पेपर मारताना परत सहावर. वर अँपिअरचा काटा आहे, पटाशी जोरात टेकवली की चारच्या पुढे जातो, मग मी हात सैल करते. एक प्यादं झालंसुद्धा.

पेठेतला: चार्जरवर मोटर? आतून निघतं ते सरळ डीसी नसतं, माहितीय ना? एसएमपीएसच घ्यायला हवा होता.

वाइंडर_निवृत्त: ब्रशच्या मोटरला ब्रिजमधून (एसीचं डीसी करणारे चार डायोड) आलेलं खालीवर होणारं डीसी चालतं, थोडी घरघर करेल इतकंच. आणि सुरू होतानाचा धक्का ट्रान्सफॉर्मर सोसतो, एसएमपीएससारखा झटक्यात माघार घेत नाही. फक्त कुणाचं ऐकून ते सपाट करायला कॅपॅसिटर लावू नका, मोकळ्यावर व्होल्टेज चढेल. आउटपुटला फ्यूज आहे का बघा, नसेल तर दहाचा घाला. अधूनमधून मोटरला हात लावून बघा, चटका बसला तर थांबवा.

सुतारपक्षी: फ्यूज आहे, काकांनी त्यावर तार गुंडाळली होती, ती काढली. पाचशे तसेच उरलेत. आता ५ मिलिमीटरच्या शाफ्टला चक (लाकूड धरणारी पकड) कुठला घेऊ?

खटपट्या: चार जबड्यांचा घे. माझा साडेतीन हजाराचा आहे.