शहरं एका दुष्काळात उठत नाहीत

"४२०० वर्षांपूर्वी पाऊस आटला आणि हडप्पाची शहरं ओस पडली", हे नेहमीचं म्हणणं मला निम्मंच पटतं. पाऊस कमी झाला हे खरं, पण माणसं लगेच गाशा गुंडाळत नाहीत. आपलं पुणे जिल्ह्यातलं इनामगाव बघा. घोड नदीकाठच्या या गावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. इ.स.पू. १०००च्या सुमारास तिथली ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती घटली, शिकार वाढली. हे कळलं ते जळक्या दाण्यांवरून आणि हाडांवरून. पण तशा हलाखीतही वस्ती पुढे सुमारे तीनशे वर्षं टिकली!

आणि बंदरांचं काय? तिथे पावसाइतकाच गाळ बघायला हवा. मी ठाण्यात चेंदणी कोळीवाड्याजवळ राहतो. ओहोटीला खाडीवर गेलं की होड्या काळ्याशार चिखलात कलंडलेल्या दिसतात, भरती येईपर्यंत जागच्या हलत नाहीत. सोपाऱ्याची खाडीही अशीच गाळाने भरत गेली. अशोकाच्या काळात गजबजलेल्या त्या बंदराजवळ, नालासोपाऱ्यात, आज उभं राहिलं तर समुद्र कुठे होता तेही चटकन उमगत नाही.