चार्टवरचा धोक्याचा स्कोअर फक्त १ आहे, पण सिस्टरला काळजी वाटते: डॉक्टरांनी यायला एवढं पुरेसं आहे का?

पाळीवरची

माझं उत्तर आधीच देते: पुरेसं आहे. सर्जिकल वॉर्डात सोळा वर्षं काढून हे म्हणते आहे.

आतड्याच्या ऑपरेशनला तीन दिवस झालेले एक आजोबा होते. संध्याकाळच्या चार्टवर नाडी १०८, वरचं बीपी ११२, ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन ९६, ताप ३७.८, श्वास २०. आमच्याकडे न्यूज-२ वापरतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पेशंट बिघडतोय का हे गुण देऊन ओळखायची ही ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची पद्धत, २०१२ मध्ये आली, २०१७ मध्ये सुधारली. श्वास, सॅच्युरेशन, ऑक्सिजन लावलाय का, बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप, यांतलं जे बिघडेल त्याला ३ पर्यंत गुण. बेरीज ५ झाली की डॉक्टरांनी तातडीने बघायचं, ७ झाली की आयसीयूवाल्यांना बोलवायचं. आजोबांची बेरीज होती १.

रात्री अकराला सलाईन बदलायला गेले, तर ते चादरीची कड चिमटीत धरून सारखी गुंडाळत होते. "सिस्टर, किती वाजले?" सांगितलं. सलाईन लावून होईपर्यंत पुन्हा तेच विचारलं. पायाला हात लावला तर गार. हाच माणूस संध्याकाळी माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करत होता.

ऑन-कॉल डॉक्टरांना फोन केला. पहिला प्रश्न, "स्कोअर किती?" १ म्हटल्यावर, "सकाळी राउंडला बघू." दोन वाजता पुन्हा फोन, पुन्हा तेच. पहाटे चारला बीपी ८४. आतड्याचा जोड आतून सुटला होता. आजोबा वाचले, पण पुन्हा पोट उघडावं लागलं आणि अकरा दिवस आयसीयूत गेले. अकरा वाजता कुणी येऊन पोटाला हात लावला असता, तर यातलं किती टळलं असतं हे मी अजून मोजते.

रात्रीचा_रेसिडेंट

ताई, डॉक्टर आले नाहीत ते चूकच. त्याची बाजू घेणार नाही. पण दोष तुम्ही आकड्याला देताय, तो मला मान्य नाही.

श्वास २० हा आकडा खरंच मोजलेला होता का? राउंडला कुठलाही चार्ट उघडा, ओळीने सगळ्या खाटांवर श्वास १८ नाहीतर २०. नाडी, बीपी, सॅच्युरेशन मशीन देतं. श्वास मोजायला घड्याळ धरून छातीकडे पूर्ण मिनिटभर बघावं लागतं, म्हणून तोच अंदाजे लिहिला जातो. आणि पेशंट बिघडायला लागला की बहुतेक वेळा आधी वाढतो तो श्वासच.

दुसरं, पुन्हा पुन्हा वेळ विचारणं. २०१७ च्या सुधारणेत 'नव्याने आलेला गोंधळ' मुद्दाम घातला, आणि त्याला थेट ३ गुण आहेत. ते धरले तर तिथेच बेरीज ४, शिवाय एकाच गोष्टीला ३, म्हणजे डॉक्टरांनी तातडीने बघायलाच हवं. स्कोअर कमी नव्हता, तो नीट काढलाच गेला नव्हता.

रात्री माझ्याकडे चार वॉर्ड असतात. "बरे दिसत नाहीत" असे दहा फोन आले तर आधी कुणाकडे धावू? शिवाय तुम्ही सोळा वर्षांच्या. काल रुजू झालेली मुलगी "मला काळजी वाटते" म्हणाली तर तिचं कोण ऐकेल? तिच्या हातात ७ हा आकडा असेल तर मला जावंच लागतं. नव्या माणसाला आवाज देतो तो आकडाच.

पाळीवरची

तुमचा श्वासाचा मुद्दा बरोबर आहे, आणि मला लागला. तो २० मोजलेला नव्हता. पहिला फोन झाल्यावर मी स्वतः मिनिटभर मोजला: २८. दोनच्या फोनला हे सांगितलं. "दुखत असेल, पेनकिलर द्या," असं उत्तर आलं. म्हणजे २८ चे ३, गोंधळाचे ३, नाडीचा १. एकूण ७. हिशेब फोनवर करून दिला नाही, ही माझी चूक.

पण डॉक्टर, मी मोजायला का बसले, ते बघा ना. अठ्ठावीस पेशंट होते. प्रत्येकाचा श्वास मिनिटभर मोजायचा तर एका फेरीत अर्धा तास नुसता श्वासालाच. मी त्याच खाटेजवळ थांबले, कारण ती चादर बघून आधी काळजी वाटली. तुम्ही म्हणता तो आकडा काळजीतूनच निघाला. आणि जे पेशंट नाडी हळू ठेवणाऱ्या गोळ्यांवर असतात, किंवा इतके थकलेले असतात की जंतुसंसर्ग होऊनही ताप चढत नाही, त्यांचा चार्ट शेवटपर्यंत साळसूद दिसतो.

आकडेमोड

दोघंही एक गोष्ट धरून चालला आहात, की बोलावलं की माणसं वाचतात. पुरावा एवढा सरळ नाही. ऑस्ट्रेलियात २३ हॉस्पिटलांमध्ये मोठा प्रयोग झाला, मेरिट नावाचा, २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. काही हॉस्पिटलांत बिघडणाऱ्या पेशंटसाठी धावून जाणारी खास टीम दिली, बाकीच्यांत नेहमीसारखं चालू ठेवलं. टीमला बोलावणी खूप वाढली. मृत्यू, हृदय बंद पडणं आणि अचानक आयसीयूत न्यावं लागणं यांत ठळक फरक दिसला नाही. ताई, त्या टीमला बोलवायच्या निकषांत 'पेशंटबद्दल गंभीर काळजी वाटणे' हाही निकष होता. तुम्ही मागताय ते तिथे दिलेलं होतं.

रिकामी_खुर्ची

मेरिटमधलं पुढचंही सांगा. निकषात बसणाऱ्या कितीतरी पेशंटसाठी बोलावणंच गेलं नव्हतं. न वापरलेलं औषध लागू पडलं नाही म्हणण्यासारखं आहे हे. आणि लक्षणं आधी दिसतात हे तर १९९० पासून माहीत आहे: हृदय बंद पडलेल्या ६४ पेशंटांचे कागद तपासले, तेव्हा ८४ टक्क्यांमध्ये आधीच्या आठ तासांत बिघाडाची नोंद सापडली.

मी नर्स नाही, डॉक्टर नाही. माझी आई वॉर्डात होती. "ही नेहमीसारखी बोलत नाहीये," असं मी दोनदा जाऊन सांगितलं. दोन्ही वेळा मशीनकडे बघून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. तिसऱ्यांदा जायला संकोच वाटला, आपण त्रास देतोय असं वाटलं. तिसऱ्यांदा गेले नाही. आई गेली.

इंग्लंडमध्ये मार्था मिल्स नावाची तेरा वर्षांची मुलगी २०२१ मध्ये सेप्सिसने, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनून, गेली. आईवडील काळजी बोलून दाखवत होते. वेळेत आयसीयूत हलवली असती तर बहुधा वाचली असती, असं चौकशीत निघालं. २०२४ पासून तिथे तिच्या नावाचा नियम लागू होऊ लागला: घरचे स्वतः फोन करून दुसऱ्या टीमकडून तपासणी मागू शकतात. सिस्टरच्या काळजीला किंमत हवी, हे पटतं. घरच्यांच्या काळजीलाही हवी. त्या माणसाचं रोजचं बोलणं कसं असतं, ते तुमच्या दोघांपेक्षा आम्हाला जास्त माहीत असतं.

रात्रीचा_रेसिडेंट

तुमच्या आईबद्दल वाचून खूप वाईट वाटलं. तिसऱ्यांदा जायची वेळ यायलाच नको होती, आणि ते तुमच्यावर नाही.

ताई, आजोबांच्या बाबतीत मी हरलो. दोन वाजता २८ ऐकून जो उठत नाही, त्याला स्कोअर कितीही शिकवला तरी उपयोग नाही. पण एका गोष्टीवर मी ठाम आहे. नुसत्या काळजीवर मी येईन, अर्ध्या तासात येईन. आयसीयूची टीम मात्र तेवढ्यावर बोलावू नये. ती टीम वर दोन व्हेंटिलेटर सोडून खाली येते, आणि तिथलेही कुणाचे तरी आजोबाच असतात.

आणि फोनवर "बरे दिसत नाहीत" एवढंच नका सांगू. "चादर गुंडाळताहेत, वेळ दोनदा विचारली, पाय गार, श्वास मोजून २८" असं सांगा. झोपेतून उठलेल्या माणसालाही ते चित्र दिसतं.

पाळीवरची

सांगेन. नव्या मुलींनाही तसंच शिकवते आहे, श्वास न मोजता लिहायचा नाही हेही. जागा कोरी सोड, पण अंदाजे २० लिहू नकोस.

अर्धा तास मला मान्य आहे. पण तुम्ही ऑपरेशनमध्ये अडकला असाल तर? तेव्हा कुणाला तरी फोन उचलून "मला जमत नाही, वरच्यांना लावा" एवढं सांगायला लावा. मी वरच्यांना लावेन, आयसीयूला लावायची वेळ आली तर तिथेही, आणि सकाळी बोलणी खाईन. त्या रात्री मी दोन ते चार वाट बघत बसले, कारण डॉक्टरांच्या डोक्यावरून पुढे फोन केलेला आमच्याकडे चालत नाही. ते चालायला हवं, एवढ्यासाठीच लिहायला बसले होते.